ट्रे, पट्टी आणि सत्तर अंश

गेल्या शनिवारी पुण्याला निघालो. विमानतळावर नेहमीची कवायत.. बेल्ट काढा, लॅपटॉप काढा, मोबाईल ट्रेमध्ये टाका. मग एकाने काठीला लावलेली पट्टी माझ्या बॅगवर फिरवली आणि यंत्रात घातली. तीच पट्टी माझ्या पुढच्या काकांच्या बॅगवरूनही फिरली होती!

एरवी लक्षही गेलं नसतं. पण बाबांची केमो चालू आहे. मागच्या खेपेला मी घरी गेलो आणि चौथ्या दिवशी त्यांना ताप. पाच दिवस हॉस्पिटल. माझ्यामुळे झालं असं कुणीच म्हणालं नाही. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही.

मग काय, सवयीप्रमाणे वाचत बसलो. २०१६ साली हेलसिंकी विमानतळावर नमुने घेतले होते. ट्रेच्या ८ पैकी ४ नमुन्यांत श्वसनाच्या विषाणूंचे अंश सापडले. टॉयलेटमध्ये एकातही नाही! अर्थात अंश सापडला म्हणजे विषाणू जिवंतच होता असं नाही, हेही खरं.

पट्टीची गंमत वेगळीच. स्फोटकांच्या कणांची वाफ व्हावी म्हणून यंत्र ती तापवतंच, बऱ्याचदा २०० अंशांच्या आसपास. म्हटलं, सुटलो! पण ते काही सेकंदच, आणि तेही पट्टीच्या तेवढ्याच भागाला. काठी थंडच.

उष्णतेचं गणित दोन पॅरामीटरचं आहे: तापमान आणि वेळ. दूध ६३ अंशांना अर्धा तास ठेवा, नाहीतर ७२ ला १५ सेकंद. २०२० मधल्या एका प्रयोगात कोरोनाचा विषाणू द्रवात ७० अंशांना ५ मिनिटांत निकामी झाला, ४ अंशांना मात्र १४ दिवसांनंतरही टिकून होता. कोरड्या हवेत तर वेळ आणखी जास्त लागतो.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नुसता चटका देऊन काय होतंय? तुझ्या दुधाच्या बाटल्या मी चांगल्या उकळत ठेवायचे."

झालं! माझा तासाभराचा अभ्यास एका वाक्यात.

ट्रे काही मी उकळू शकत नाही. त्यामुळे मोबाईल आता बॅगेतच, तपासणी संपली की साबणाने हात, घरी पोचल्यावर पुन्हा. बाबांनी दारातच हात पुढे केला, मी आधी बेसिनकडे पळालो. "काय रे, मी परका झालो का?" म्हणाले. हात पुसले आणि मग बराच वेळ त्यांच्याजवळ बसलो.

आज आठवडा झाला. ताप नाही. असो.