जुन्या गाडीचा नवा खर्च

मुलगा कमावता झाला की घरात दोन विषय निघतात, एक लग्नाचा आणि दुसरा गाडीचा. आमच्याकडे गाडीचा आधी निघाला. चिरंजीव 24 वर्षांचे. आयटीआय करून साताऱ्याच्या एमआयडीसीत मशीनवर कंत्राटी कामाला आहेत, महिन्याला हातात 19 हजार पडतात. घरी एक स्प्लेंडर आहे. त्याच्या मनात भरली होती केटीएमची आरसी 390. सांगलीत विश्रामबागेत एकाची होती, 2018 सालची, नारिंगी रंगाची, किंमत 1 लाख 45 हजार. त्याच्याजवळ 60 हजार साठले होते, उरलेल्यासाठी तो आमच्याकडे आला.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. एक एसटीच्या कार्यशाळेत पान्हा फिरवून निवृत्त झालेला, एक अंगणवाडीत मदतनीस. या एका गाडीवर आमच्या घरी दीड-दोन महिने चर्चा चालली. बऱ्याच घरांत हा विषय 'नाही म्हणजे नाही' एवढ्यावर संपतो, मग पोरगा कुणाकडून तरी हप्त्यावर गाडी आणून दारात उभी करतो. म्हणून आमच्याकडे काय झाले ते सांगतो.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वेगवान गाडीची हौस म्हणजे काही व्यसन नव्हे. आमच्या तरुणपणी राजदूत थ्री-फिफ्टी रस्त्याने गेली की हातातले काम टाकून लोक बघत. 1983 साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आराखड्यावर ती काढली. 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि एवढ्या ताकदीच्या गाडीला पुढे डिस्कऐवजी साधा ड्रम ब्रेक! पेट्रोल प्यायची, नीट बांधणारा मिस्त्री मिळायचा नाही. थोड्याच वर्षांत तिचे उत्पादन बंद पडले. मग 1985 ला आरएक्स 100 आली. 98 सीसीची ती हलकी गाडी 1996 ला बंद झाली, तरी सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अजून पोरे तिच्यासाठी जीव टाकतात. चिरंजीवांनी हाच दाखला दिला. "आबा, त्या राजदूतला आज लोक लाखांनी पैसे मोजतात. चांगल्या गाडीची किंमत पडत नाही." खरे आहे. पण ज्याच्याकडे तीस वर्षे ती झाकून ठेवायला जागा होती त्याला ते पैसे मिळाले. जो तिच्यावर रोज कामाला जात होता त्याची भंगारात गेली.

दुसरे वाक्य मात्र वर्मी लागले. "आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्यात. एक चांगली गाडी आपल्या दारात असावी असं कधी वाटलं नाही?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या वस्तीतल्या पोराने मोठी गाडी घेतली की गावात आधी विचारतात, पैसा कुठून आला. त्या लोकांच्या भीतीने नाही म्हणायचे नाही, एवढे आम्ही दोघांनी त्याच रात्री ठरवले.

मग यंत्राचा विचार सुरू केला. स्प्लेंडर 97 सीसीची, ताकद साधारण 8 अश्वशक्ती. आरसी 390 ही 373 सीसीची, ताकद 43 च्या आसपास. म्हणजे पाच स्प्लेंडर एका चाकाला जुंपल्यासारखे. आपल्याकडे दोन्हींना लायसन्स मात्र एकच, गिअरच्या दुचाकीचे. युरोपात तसे नाही. तिथे लहान, मधली आणि मोठी अशा पायऱ्या आहेत. ही गाडी मधल्या पायरीत येते आणि तेवढ्या ताकदीच्या गाडीवर परीक्षा दिल्याशिवाय ती हातात मिळत नाही. आपल्याकडे ती परीक्षा रस्त्यावरच होते. ताशी 100 ने जाणारी गाडी एका सेकंदात 28 मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. एबीएस असले तरी हे गणित बदलत नाही, चाक जाम होत नाही एवढेच.

खरी गोम खर्चात निघाली. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिचे सुटे भाग काही जुन्या भावात मिळत नाहीत. मागचा 150 चा रेडियल टायर आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढा. चेनसेट, क्लचप्लेटा, कूलंट, सगळे नव्या गाडीच्याच भावाने. विम्याची गंमत तर चिरंजीवांनी स्वतःच शोधून काढली. 2022 साली ठरलेल्या दरांत 75 ते 150 सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला 714 रुपये आहे, 350 च्या वर गेले की 2,804. अवघ्या 23 सीसीसाठी गाडी त्या वरच्या गटात बसते. तो रोज 24 किलोमीटर ये-जा करतो. स्प्लेंडरला महिन्याला साडेदहा लिटरच्या आसपास पुरते. ही गाडी 26 चे अॅव्हरेज देईल असे धरले तर 24 लिटर. पेट्रोल शंभराच्या वर. म्हणजे नुसत्या जाण्या-येण्यात 1,400 रुपये जादा. वहीवर हे त्याने स्वतः मांडले, आम्ही फक्त शेजारी बसलो होतो.

त्याचाही एक मुद्दा बिनतोड होता. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, वरच्यांचा मात्र 40. "म्हणजे नवी महागली, आता जुनीची किंमत टिकणार." पण त्याच निर्णयाने दीडशे-एकशे साठ सीसीच्या नव्या गाड्या त्याच्या आवाक्यात आल्या, हे त्याने मोठ्याने म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही.

उरलेल्या 85 हजारांपैकी काही बचत गटातून मिळाले असते. पण गटाच्या वहीत कर्जाच्या रकमेपुढे 'कारण' असा रकाना असतो. वर-खाली कुणाची शिलाई मशीन, कुणाची शेळी, कुणाच्या मुलीची नर्सिंगची फी. तिथे काय लिहायचे, यावर घरात बराच वेळ कुणी बोलले नाही.

तरीही गाडी न बघता नाही म्हणणे अन्यायाचे झाले असते. एका रविवारी तिघे सांगलीला निघालो. मिरजेला गुडघ्याच्या दवाखान्यात जायचेच होते. कारखाने चालू होते. पेठ नाक्यावरून आष्ट्याकडे वळलो आणि पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागले, मागे दिवा नाही की लाल पट्टी नाही. अंधारात अशी ट्रॉली शंभरच्या वेगातल्या माणसाला कधी दिसेल, हा विचार एसटीच्या खिडकीतून बघतानाही अंगावर आला.

मालक पंचविशीतला, बोलायला गोड. 'काका, गाडी एकदम मेंटेन आहे.' आम्ही आदल्या दिवशी फोनवर सांगितले होते, गाडी थंड ठेवा. हात लावला तर इंजिन गरम! गार गाडी सुरू करताना जो आवाज येतो तो लपवायचा असला की असे करतात. डावा फूटरेस्ट घासलेला, क्लचची लिव्हर नवी, त्याच बाजूचे झाकण खरवडलेले, म्हणजे गाडी डावीकडे पडली होती. पुढच्या फोर्कला तेलाचे कडे. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेवटी 18. गाडीबरोबर आलेला टायर अजून तोच, रबर दगडासारखे.

खोटे कशाला बोला, साठी उलटल्यावर आम्हीही एक फेरी मारली. तिसऱ्या गिअरमध्ये जरा मूठ पिळली आणि अंगावर काटा आला. पोरगा का वेडा झाला ते कळले. मग मागच्या सीटवर त्याच्या आईने बसून पाहिले, त्याच्या खांद्याला धरून, दोन प्रयत्नांनंतर. "ही बसायची जागा आहे की चढायची?" मालकालाही हसू आवरले नाही.

हसणे कागद बघेपर्यंत टिकले. आरसी बुकावर नाव तिसऱ्याच माणसाचे, कोल्हापूरचे, एमएच 09. बँकेचा बोजा तसाच. या मुलाने गाडी नावावर करूनच घेतली नव्हती. पहिल्या मालकाच्या सह्या केलेले कोरे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म त्याने फाईलमधून काढून दाखवले. बोजा उतरवायला 35 नंबरचा फॉर्म आणि बँकेचा दाखला लागतो, तो नव्हता. दुसऱ्या आरटीओत गाडी न्यायची तर ना-हरकत लागते, ती नव्हती. विमा संपलेला.

जुनी गाडी विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवावे लागते. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितले की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. कोल्हापूरच्या त्या गृहस्थाला याची कल्पना असेल असे वाटत नाही.

परतीच्या गाडीत कऱ्हाडपर्यंत चिरंजीव गप्प होते. मग म्हणाले, "रविवारपुरती ठेवली तर?" आई म्हणाली, "ठेव की. पण मला मिरजेला न्यायला दुसरी गाडी लागंल, तिचंबी बघ." आणखी कुणी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी त्यानेच सांगलीला फोन लावला. मालक 1 लाख 25 हजारांवर आला. आमचा मुलगा म्हणाला, "दादा, आधी बोजा उतरवा, गाडी तुमच्या नावावर करून घ्या, मग भाव बोलू." त्यानंतर फोन आला नाही.

साठ हजार पोस्टात आहेत. हौस गेलेली नाही, आणि ती जावी असे आम्हालाही वाटत नाही. दिवाळीनंतर एखादी एकशे साठ सीसीची नवी बघू असे तो म्हणतो, पण मोबाईलवर बघतो ती मोठीच. मधल्या काळात त्याने एक गोष्ट घेतली, तोंड पूर्ण झाकणारे आयएसआयचे हेल्मेट, चांगले साडेतीन हजारांचे. ते घालून तो स्प्लेंडरवर कामाला जातो. वस्तीतली पोरे हसतात, चंद्रावर निघालास का म्हणून विचारतात. तो हात दाखवून जातो.