दोष हाताचा की ओव्हनचा?

मिक्सर फिरला नाही तर घरात लगेच मेकॅनिकला बोलावले जाते. नळाला पाणी आले नाही तर टाकी पाहिली जाते. पण ओव्हनमधला केक मधोमध कच्चा राहिला, तर पहिला संशय येतो तो करणारीच्या हातावर. मैदा नीट चाळला नसेल, अंडी नीट फेटली नसतील, मन ठिकाणावर नसेल. ओव्हन मात्र नामानिराळा राहतो, कारण त्याचा दिवा तर लागलेला असतो!

लग्नानंतर कोल्हापूरहून बंगळुरूला आलेल्या एका गृहिणीची गोष्ट अशीच आहे. मल्लेश्वरममधल्या जुन्या इमारतीतले घर, घरात पती, सासूबाई आणि दोन मुले. शेजारपाजारच्या मुलांच्या वाढदिवसांचे केक ती करून देऊ लागली. मिळणारे पैसे थोडे होते, पण ते तिचे स्वतःचे होते. मग एकामागून एक तीन केक बिघडले. वरून बदामी रंग, आत मात्र ओले पीठ. तिसऱ्या वेळी शेजारणीला पैसे परत करावे लागले.

सासूबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, ‘‘अगं, तुझा हात अजून बसला नाही. कशाला जिवाला त्रास करून घेतेस? कोपऱ्यावर अय्यंगार बेकरी आहेच की!’’

सासूबाईंचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. १८९८ साली चिकपेटमध्ये पहिली अय्यंगार बेकरी सुरू झाली, तेव्हापासून या शहराला चांगल्या भाजणीची सवय आहे. अशा गावात कच्चा केक खपत नाही. तिने ऑर्डर घेणे बंद केले.

पतीने मेकॅनिकला बोलावले. तो सकाळी अकराला आला, ओव्हन लावून पाहिला आणि म्हणाला, ‘‘अक्का, ओव्हनला काही झालेलं नाही.’’ आता तर दोष हाताचाच ठरला!

मात्र हिशेबाच्या वहीत ती प्रत्येक केकची वेळ लिहीत असे. वही चाळताना तिच्या लक्षात आले, की दुपारी भाजलेले सगळे केक चांगले झाले होते. बिघडलेले तिन्ही संध्याकाळी सातनंतरचे होते. तिने इलेक्ट्रिशियनला मुद्दाम संध्याकाळी बोलावले. ओव्हन सुरू असताना त्याने त्याच प्लगवर मीटर लावला. २३० व्होल्टऐवजी तिथे जेमतेम १८० होते.

यातले गणित समजून घेण्यासारखे आहे. व्होल्टेज कमी झाले की उष्णता त्याच प्रमाणात नव्हे, तर त्याहून बरीच जास्त घटते. २३० व्होल्टवर २,००० वॉट देणारा ओव्हन १८० व्होल्टवर सुमारे १,२०० वॉटच देतो. म्हणजे खटका १८० अंशांवर असला, तरी आतली हवा तेवढी तापेलच असे नाही. त्यात तिचा ओव्हन बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालत होता. एवढा ओव्हन जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लग आणि जाड वायरच हवी. नाहीतर वायर तापते, वितळते आणि आगीचा धोका असतो. तिने बोर्डापासून स्वतंत्र लाइन घेतली आणि मोठ्या ऑर्डरी दुपारीच भाजायचे ठरवले. केक पुन्हा पूर्वीसारखे होऊ लागले.

प्रत्येक घरात कारण हेच असेल असे नाही. म्हणून सर्वांत आधी ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणावा. खटक्यावरचा आकडा ही फक्त मागणी असते, खरी उष्णता थर्मामीटर सांगतो. ओव्हन १८० अंशांवर लावून वीस मिनिटांनी आकडा पाहावा. थर्मोस्टॅटचा दिवा असेल, तर त्याच्यावरही लक्ष ठेवावे. अर्धा तास होऊनही तो विझत नसेल आणि आकडाही चढत नसेल, तर उष्णता कमी पडते आहे. तेव्हा व्होल्टेज, वायर, रॉड आणि दार तपासावे. दिवा वेळेवर विझतो, पण आकडा बराच खाली असेल, तर थर्मोस्टॅट बिघडलेला समजावा.

रॉड पाहणे सोपे आहे. स्वयंपाकघरात अंधार करून ओव्हन पूर्ण उष्णतेवर लावावा. वरचे लाल झाले आणि खालचे काळेच राहिले, तर आधी निवडीचा खटका ‘दोन्ही रॉड’वर आहे का ते पाहावे. तो बरोबर असेल तर रॉड गेला असण्याची शक्यता जास्त. ओव्हन थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज निघून आली, तर तिथून उष्णताही निघून जाते. जाळीवर ब्रेडचे काप पसरून भाजले, की कोणता कोपरा जास्त तापतो तेही कळते. जाळीवर सगळीकडे फॉइल पसरू नये, गरम हवेची वाट अडते. ओव्हन उघडून आतल्या वायरींना हात लावण्याचे काम मात्र जाणकारावरच सोपवावे.

थर्मामीटर बरोबर आकडा दाखवतो आणि तरीही केक फुगून मध्ये बसतो, असेही होते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९७ अंशांवर उकळते आणि हवेचा दाब कमी असल्यामुळे केक थोडा लवकर फुगतो. मुंबईच्या मापात बेकिंग पावडर किंचित कमी करून पाहावी.

पूर्वी महाराष्ट्रातल्या गावोगावी दिवाळीला बायका रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणत. पीठ त्यांचे आणि भट्टी कारागिराची. भट्टी कुठे जास्त तापते, कधी मंदावते, हे तो वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ओळखत असे. ओव्हन घरात आला आणि कारागिराचे कामही गृहिणीकडे आले. ते ज्ञान मात्र तिला कुणी दिले नाही, माहितीपुस्तिकेतही ते फारसे नसते. ते तिला स्वतःच मिळवावे लागते, आणि त्यासाठी एक थर्मामीटर व एक वही पुरते. हात बसला नाही असे म्हणण्याआधी घरच्यांनीही तो आकडा एकदा वाचावा.