विचारायचे राहून गेले

रामदासपेठेत राहणाऱ्याला रुग्णालयांचे अप्रूप नसते. गल्लोगल्ली डॉक्टरांच्या पाट्या आहेत, आणि आम्हा व्यापारी कुटुंबांत कोणी आजारी पडले की पावले आपोआप त्यांपैकीच एखाद्या दाराकडे वळतात. शासकीय रुग्णालयाशी माझा संबंध होता तो देणगीपुरता. आमच्या सेवा समितीने अशाच एका रुग्णालयाच्या प्रसूती विभागाला वॉटर कूलर दिला. दात्यांच्या नावांची फरशी बसली, छायाचित्रे निघाली आणि आम्ही कृतार्थ मनाने घरी परतलो.

गेल्या वर्षी दुकानातील जुन्या मुनीमजींची कन्या त्याच विभागात प्रसूत झाली. पहाटे रक्तस्राव वाढला. मी मुनीमजींसोबत बाहेर बाकावर बसलो होतो. एक परिचारिका व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेली आणि हातात इंजेक्शन घेऊन धावतच परतली. मुलगी वाचली.

दोन दिवसांनी आभार मानण्यासाठी तेथील परिसेविकांना भेटलो. त्या धावपळीविषयी विचारताच त्या म्हणाल्या, “काका, ते औषध दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते आणि आमचा फ्रीज त्या टोकाला आहे. प्रसूतिकक्षात लहान फ्रीज हवा, हे आम्ही गुणवत्ता मंडळात केव्हाच मांडले. मागणी अजून कागदावर आहे.”

गुणवत्ता मंडळ, म्हणजे क्वालिटी सर्कल, हा शब्द मी कारखान्यांच्या संदर्भात ऐकला होता. काम करणाऱ्यांनीच एकत्र बसून कामातील अडचण शोधावी आणि उपाय सुचवावा, ही पद्धत जपानमध्ये 1962 च्या सुमारास काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने रुजली. आपल्याकडे केंद्र शासनाच्या 2017 मधील ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने ती सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांत आणली.

“तुम्हांला त्याचा उपयोग वाटतो का?” मी विचारले.

“आरंभी वाटले, आणखी एक रजिस्टर आले. पण इतक्या वर्षांत प्रथमच कोणी आम्हांला ‘तुमचे काय मत?’ असे विचारले. औषधांचे ट्रे आम्ही आमच्या सोयीने लावले, तेव्हापासून शोधाशोध थांबली. मात्र बैठक ठेवतात ती ड्यूटी संपल्यावर. बोलतात डॉक्टर, सही करतो आम्ही. आणि चूक सांगितली की पहिला प्रश्न येतो, ‘कोणाची?’ ‘कशामुळे?’ असे विचारले, तर आम्ही सारे सांगू.”

समोरच आमचा कूलर उभा होता. तो देणाऱ्यांत मीही होतो, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. एका लहान फ्रीजची किंमत त्या कूलरहून अधिक खचितच नव्हती. पण देण्यापूर्वी आम्ही त्यांना विचारलेच नव्हते.

रात्री रोजमेळ जुळला नाही तर आपण आधी नोंद तपासतो. मुनिमावर आळ घेत नाही. प्रतिक्रमणात आपण आपले दोष निर्भयपणे उच्चारतो, कारण तेथे शिक्षेचे भय नसते. त्या परिचारिका याहून वेगळे काय मागत होत्या? वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची, गणना शास्त्रकारांनी आभ्यंतर तपात केली आहे. आम्ही मात्र ती दारातल्या फरशीवर आणून ठेवली होती.

समितीच्या पुढील सभेत मी हा प्रसंग सांगितला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “दान देताना परवानगी घ्यायची का?” मी म्हणालो, “परवानगी नव्हे, माहिती घ्यायची.” चर्चा बरीच लांबली, पण ठराव झाला. फ्रीज दिला गेला, फरशीवाचून. आता देणगीच्या अर्जावर पहिलाच रकाना आहे: ‘विभागातील परिसेविकांना विचारले काय?’

त्या रकान्यात यंदा त्यांनी लिहिले आहे: ‘सेकंदकाटा असलेले मोठे भिंतीवरचे घड्याळ.’ कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, “बाळ जन्मल्यावर पहिल्या मिनिटात त्याने श्वास घ्यावा लागतो, काका. ते मिनिट आम्हांला दिसायला हवे.”

घड्याळ मी उद्या घेऊन जाणार आहे.