आधी बसून पड

बॉलवर दोन लाल पंजे उमटले होते. अंगठे एकमेकांना टेकायच्या बेतात, बाकीची बोटं पसरलेली. सरांनी बॉल उचलून सगळ्या पोरांसमोर फिरवला. "हे बघा, ह्याला धरलेला बॉल म्हणायचं. ह्या दोन अंगठ्यांच्या मधनं मुंगी पण जायला नको." मग पुढच्या पोराला हात ओल्या मातीत बुडवायला लावले आणि त्याच्याकडे बॉल फेकला. त्याचे पंजे उमटले बॉलच्या दोन कुशींवर, समोरासमोर. सर म्हणाले, "ही घागर धरलीस लेका. घागर काय तुझ्या अंगावर येत नसते. बॉल येतो. तो मधनं शिरून नाकावर बसणार."

मी भाचीला सोडायला म्हणून मैदानावर गेलो होतो आणि सोडून परत येणार होतो. पंज्यांनी अडकवलं. आता रोज पायरीवर बसतो.

भाची अकरा वर्षांची. शाळेतून आली आणि जाहीर केलं, मी गोलकीपर झाले. का, विचारलं तर म्हणाली, "दुसरं कुणी तयार नव्हतं." परंपरा जुनीच आहे. आमच्या गल्लीत दोन चपलांच्या मधे उभा राहायचा तो ज्याला पळता येत नाही, ज्याला सर्दी झालीय किंवा जो कुणाचा तरी धाकटा भाऊ आहे. मी या तिन्ही निकषांवर पाच-सहा वर्षं गोलकीपर होतो. ते शिकवता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं. खरा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो, हेही फार उशिरा कळलं. मधे पोर उभं केलं की ते दारात विसरलेल्या छत्रीसारखं दिसतं. लहान मुलांना लहान गोल देतात ते शहाणपणाचंच आहे.

पहिले काही दिवस सरांनी कुणाला उभंच राहू दिलं नाही. आधी बसून पड, म्हणाले. पोरं पाय पसरून मातीत बसायची, सर बाजूने बॉल सरपटत सोडायचे आणि पोरांनी कलंडून तो कवेत घ्यायचा. मग गुडघ्यांवर. मग उकिडवं बसून. उभ्याने पडायचा मान त्यानंतर. पडायचं तेही पोटावर नाही, पाठीवर तर नाहीच. कुशीवर, वळकटी उलगडावी तसं: पोटरीची बाजू, मांडी, बरगड्या, खांदा. कोपर आधी टेकलं की सर लांबूनच ओरडतात, "कोपराला कशाला राबवतोस!" एक हात बॉलच्या मागे, दुसरा वर. आणि तिसरा हात जमिनीचा, असं ते म्हणतात. हे मला फार आवडलं.

कोल्हापुरात पडायला शिकवणं ही तशी नवलाची गोष्ट नाही. इथल्या फुटबॉल संघांच्या नावातच तालीम आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात, आणि गोलामागे बसलेले म्हातारे गोलकीपरला त्याच्या आजोबांच्या नावाने हाक मारून सल्ले देतात. तालमीतल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखतात, कारण तिथे पडणं हा रोजचाच कार्यक्रम. पैलवान फक्त पाठ वाचवतो. मैदानाच्या मातीला मात्र कुणी ताक पाजत नाही. भाचीच्या कमरेला डाव्या बाजूला रुपयाएवढा काळानिळा डाग पडला आणि तिने तो घरी सगळ्यांना दाखवला, आजीलासुद्धा.

उभं राहायला लागल्यावर कळलं की उभं राहणंही शिकावं लागतं. पाय खांद्यांएवढे फाकलेले, टाचा जमिनीवरून जेमतेम सुटलेल्या, हात कमरेपुढे मोकळे. समोरचा पाय मारणार त्या क्षणी एक इवलीशी उडी, जमिनीवरून कागद सरकेल एवढीच, आणि मग स्थिर. चालता चालता कुणाला झेप घेता येत नाही. खालून येणाऱ्या बॉलला बोटं जमिनीकडे, करंगळ्या शेजारी, आणि मागे गुडघा आडवा, हातांतून निसटलाच तर दाराला आडणा असावा म्हणून. छातीवर आला तर हात त्याच्या खालून, तान्हं मूल घ्यावं तसे, आणि छाती आत. कडक छातीवरून बॉल उडून परत समोरच्याच्याच पायात जातो.

ते "छाती आत" ऐकलं आणि मला कलिंगडं आठवली.

माझ्या काकांचा मार्केटात फळांचा गाळा होता. उन्हं तापायला लागली की पहाटे कलिंगडांचा ट्रक यायचा. आत पेंढा, त्यावर ढीग. ट्रकावर दोघं, खाली चौघंपाचजण रांगेने, शेवटचा गाळ्यात. फळ हातात देत नसत, फेकत. पाच-सहा किलोचं कलिंगड हवेतून यायचं, एका हातातून दुसऱ्याच्या हातात, आणि आवाज म्हणाल तर कसलाच नाही. तळव्याची एक बारीक थाप, बस. पहिलं फळ आलं की मोजणारा एक म्हणत नसे, लाभ म्हणे. लाभ, दोन, तीन. बारा वर्षांचा मी सुट्टीत तिथे लुडबुडायचो आणि मलाही रांगेत उभं राहायचं होतं. एकदा एक हमाल चहाला गेला तेव्हा मी त्याच्या जागी घुसलो.

पहिली तीन घेतली. कशी घेतली, देव जाणे. चौथं येताना दिसलं आणि एकदम ते फार मोठं वाटलं. मी हात पुढे ताठ केले, भिंतीसारखे. कलिंगड तळव्यांवर आपटलं, निसटलं आणि माझ्या पायाशी फुटलं. चपला लाल, पोटऱ्या लाल. रांग थांबली. मला वाटलं आता काका कान पिळणार. पण काकांनी वर बघितलंसुद्धा नाही, वहीत एक रेघ मारली. हसले सगळे. शेजारच्या म्हाताऱ्या हमालाने फुटलेल्यातून गाभ्याचा तुकडा काढून मला दिला. सकाळचं ऊन लागून कोमट झालेला, बिया नसलेला मधला गर, इतका गोड की त्यानंतर सुरीने कापलेलं कलिंगड मला कधी तेवढं गोड लागलं नाही. मी खात होतो आणि तो सांगत होता, "भ्यालास, म्हणून हात आखडलं. फळाला सामोरं जायचं, आन् गाठ पडली की त्याच्याबरोबर मागं यायचं. पाहुणा आल्यावर दारात त्याला ढकलतोस का?" मग त्याने दाखवलं. हात पुढे गेले, फळाला भेटले, त्याच्यासकट पोटापर्यंत आले, कंबर फिरली आणि फळ पुढच्याकडे गेलं. मधे थांबणं नव्हतंच. त्या रांगेत मला नंतर त्याने तीन उन्हाळे उभं केलं. पिकलेलं फळ कोणतं हे मी तळव्यावरच्या थापेवरून ओळखायला शिकलो. कच्चं टणक वाजतं, पिकलेलं जरा बसक्या आवाजात बोलतं. अजूनही बाजारात कलिंगड वाजवून घेतो तेव्हा दुकानदार बघत राहतो.

मराठीत वारही झेलतात आणि फुलंही. भाषेने दोन्हींना एकच क्रियापद दिलंय.

वर्तमानपत्रांत फोटो येतात ते आडव्या झेपेचे. 1970 च्या वर्ल्डकपमध्ये गॉर्डन बँक्सने पेलेचा हेडर बारवरून काढला, तो मीही किती वेळा पाहिलाय. पण मला आवडतात ते झेप घ्यावी न लागणारे गोलकीपर. आधीच दोन पावलं पुढे येऊन कोन आवळलेला असतो, बॉल पोटात येतो, आणि प्रेक्षकांना वाटतं, हा मारलाच साधा होता. ह्यांना टाळ्या मिळत नाहीत. सव्वीस वर्षांपूर्वी गोलामागे बसणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला हे सांगितलं तेव्हा मी त्याला कंटाळलो होतो. गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कप्तान होते, 1997 मध्ये अर्जुन पुरस्कार, 2022 मध्ये पद्मश्री. गोलकीपरच्या वाट्याला सगळं उशिराच येतं. 1992 पासून आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल हाताने उचलायचीही बंदी आली, तेव्हा आता सरांचा अर्धा तास पायांच्या कामात जातो. मला तो अर्धा तास कंटाळवाणा वाटतो. भाचीला नाही.

तिची खरी अडचण डोळ्यांची होती. बॉल जवळ आला की मिटायचे. ते ओरडून उघडत नाहीत, आणि सर ओरडलेही नाहीत. त्यांनी जुन्या बॉलांवर खडूने आकडे लिहिले आणि सांगितलं, धरलास नाही तरी चालेल, आकडा सांग. ताशी नव्वद किलोमीटरने मारलेली पेनल्टी अकरा मीटर यायला अर्धा सेकंदही घेत नाही. सर फेकत होते ते त्याच्या चौथ्या हिश्श्याने. तरी पहिल्या दिवशी ती अंदाजपंचे सात, सात, सात म्हणत राहिली. नंतर एकदा म्हणाली, "चार. आणि चारचं शेपूट पुसलंय."

काल पोरांनी आपापसात सामना लावला. तिच्यावर तीन गोल झाले. या मैदानावरच्या गोलांना जाळं नाही. गोल झाला की बॉल मागच्या उतारावरून थेट ओढ्यापर्यंत जातो, आणि आणायला जायचं ते गोलकीपरनेच, हा न लिहिलेला नियम. तिसऱ्या वेळी ती गेली आणि आलीच नाही. अकराजण कमरेवर हात ठेवून उभे. सरांनी शिट्टी मारली. मी पायरीवरून उठून उतारापर्यंत गेलो तर ती बॉल पोटाशी धरून काठावर उकिडवी बसली होती. मला बघून तोंडावर बोट ठेवलं.

"मामा, हलू नका. तारेवर खंड्या बसलाय."