श्रद्धेचा रकाना

अंजनगावात आमच्या मंडळीची संडे स्कूल उपासनेआधी तासभर भरते. पाळकसाहेबांनी ती माझ्याकडं सोपवली तेव्हा मी कधी बालवाडीसुद्धा शिकवली नव्हती. बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मी तीन रविवार सांगितली आणि वीस गुणांचा पेपर घेतला. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं वचन दहा मुलांनी काना-मात्रेसह लिहिलं. अकराव्याचा कागद कोरा होता. ‘शोमरोनी म्हणजे कोण?’ याला मात्र दहाही जणांचं उत्तर एकच : चांगला माणूस. यहुदी ज्यांना जवळ करत नसत असे ते लोक, हे मी सांगितलंच नव्हतं. गोष्टीचा गाभा माझ्याकडूनच राहिला होता.

ओळखीच्या एका प्राथमिक शिक्षिकेला पेपर दाखवले. त्यांनी नवा शब्द दिला : आकारिक मूल्यमापन. शिक्षण हक्क कायद्यानंतर 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं ते शाळांत आलं. मला वाटलं, आकृत्या काढून घ्यायच्या असतील. बाई म्हणाल्या, “मडकं भाजल्यावर वाजवून पाहणं, ते संकलित. चाकावर ओलं असतानाच कुठं जाड राहिलं ते बोटांनी पाहणं अन् सारखं करणं, ते आकारिक.” दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय अशी आठ साधनं त्यांनी लिहून दिली. घरी येऊन मी नोंदवही आखली. शेवटचा रकाना ‘श्रद्धा’.

कोऱ्या कागदाच्या मुलाला त्यात ‘क’ मिळाला. त्यानं वही पाहिली आणि हळूच विचारलं, “मॅडम, देवानं मले क देल्ला काय?” मला बोलता आलं नाही. अनुदानित शाळेत धर्मशिक्षणासाठी पालकांची संमती लागते, असं संविधानाचं 28 वं कलम सांगतं. आमच्याकडं तर घरचे स्वतःहून लेकरं पाठवतात. त्या विश्वासावर मी काय लिहून बसले होते! वचन समजलं का, हे मी तपासू शकते; लेकराचं देवाशी नातं तपासणं माझं काम नाही. रकाना खोडला.

पुढच्या रविवारी पेपर नव्हता. विचारलं, हीच गोष्ट पथ्रोटच्या रस्त्यावर घडली तर? पानपिंपरी विकून येणाऱ्या माणसाला लुटलं, दोघं पाहून पुढं गेले. तिसरा कोण थांबला? कोणी डॉक्टर म्हणालं, कोणी पोलीस. तोच मुलगा म्हणाला, “ज्याच्या घरचं पानी आपन पेत नाही, थो.” वर्ग गप्प झाला. तो वाचताना अडखळतो, एवढंच मला आजवर दिसलं होतं.

जाताना प्रत्येकाकडून चिठ्ठी घेतली : काय कळलं, काय अडलं. ज्याला लिहिणं जड जातं, त्यानं सांगायचं, मी लिहून घ्यायचं. एकीनं लिहिलं होतं, ‘त्या जखमी माणसाले शोमरोन्याचा हात चालला काय?’ रात्री लूक पुन्हा उघडला. माझा शेजारी कोण, असं शास्त्र्यानं विचारल्यावर येशूनं गोष्ट सांगितली आणि शेवटी त्यालाच विचारलं, या तिघांपैकी शेजारी कोण झाला? उत्तर त्याच्याच तोंडून काढलं. तीन रविवार शिकवताना त्या प्रश्नाजवळ मी थांबलेच नव्हते.

येता रविवार त्या चिठ्ठीपासून सुरू करणार आहे.