माप सर्वांना सारखे हवे

2021 चा रमजान एप्रिलच्या मध्यावर सुरू झाला, तेव्हा खांडबाऱ्यात कोरोनाची दुसरी लाट घरोघर पोहोचली होती. आमच्या घरी फूफी आजारी होत्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा 94 दिसायचा, म्हणून आम्हाला धीर होता. पण फूफींना एक वाक्य पुरे करताना दोनदा थांबावे लागे. ओळखीच्या नर्सबाईंनी घड्याळ लावून त्यांचे श्वास मोजले आणि म्हणाल्या, "आकडा राहू द्या, आत्ताच नंदुरबारला न्या." तिथे रक्त तपासले तर ऑक्सिजन 86 निघाला. अल्लाहच्या कृपेने फूफी बऱ्या झाल्या. पण यंत्राचा आकडा इतका वेगळा का, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

ऑक्सिमीटर म्हणजे एक सेन्सर. 1970 च्या दशकात जपानचे ताकुओ आओयागी यांनी त्याचे तत्त्व शोधले. बोटातून एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा, असे दोन प्रकाश जातात. ऑक्सिजन असलेले रक्त आणि नसलेले रक्त हे प्रकाश वेगवेगळे शोषतात. त्यावरून आकडा निघतो. मात्र कातडीचा काळा-सावळा रंगही प्रकाश शोषतो. 2020 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले की, ऑक्सिजन धोकादायक कमी असूनही यंत्र ठीक दाखवते, असे गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट वेळा घडते. फूफींच्या बाबतीत हेच कारण होते की थंड बोट किंवा हलक्या प्रतीचे यंत्र, हे सांगता येणार नाही. पण फूफी सावळ्या आहेत, आणि आमच्या जिल्ह्यातले बहुतेक लोकही.

यात कोणाची दुष्टबुद्धी नाही, चाचणीची उणीव आहे. अमेरिकेच्या 2013 च्या नियमानुसार असे यंत्र किमान दहा माणसांवर तपासले तरी चालत असे, आणि त्यांत गडद वर्णाची दोन पुरेशी होती. 2025 च्या जानेवारीत तिथल्या औषध प्रशासनाने नवा मसुदा काढला. त्यात दीडशे किंवा अधिक, वेगवेगळ्या वर्णांची माणसे घ्या असे सुचवले आहे.

सेन्सरवर संशोधन करणाऱ्यांची जागतिक परिषद, आयईईई सेन्सर्स, 2002 पासून दरवर्षी भरते. 2018 मध्ये ती दिल्लीत झाली. अशा परिषदेत सेन्सर किती लहान, किती स्वस्त, किती जलद यावर चर्चा होते. तो कोणाच्या बोटावर तपासला, हेही तितक्याच आग्रहाने विचारले जावे. मुंबई, ढाका, कोलंबो आणि काठमांडूच्या संशोधकांनी एकत्र येऊन आपल्या माणसांवर चाचण्या केल्या, तर सगळ्यांचाच फायदा आहे. त्यांत नंदुरबारचे आदिवासी शेतकरी आणि खांडबाऱ्याच्या फूफीही असाव्यात.

आपल्याला हा विचार परका नाही. सूरह रहमानमध्ये मीझानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे आणि मापात कमी न करण्याची ताकीद आहे. 1121 च्या सुमारास मर्वच्या अल-खाझिनी यांनी तराजूवरच मोठा ग्रंथ लिहिला. धातूतली भेसळ ओळखणारा काटा त्यात वर्णिला आहे. आजचा सेन्सर हाही काटाच आहे. दुकानदाराचा काटा एकाला पुरे आणि दुसऱ्याला कमी देत असेल, तर आपण गप्प बसत नाही.

तोवर घरात एवढे पाळावे. बोट गरम करून, हात स्थिर ठेवून मोजावे. नखावर नेलपॉलिश किंवा काळी मेहंदी असेल तर दुसरे बोट घ्यावे. आकडा आधीपेक्षा घसरतो आहे का, ते पाहावे. आणि माणूस धापा टाकत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर आकडा कितीही चांगला असो, दवाखाना गाठावा. आपल्या ज्या मुली आणि मुले इंजिनिअरिंग शिकत आहेत, त्यांच्यासाठी हे काम मोकळे पडले आहे. ते इल्मचे काम आहे आणि इन्साफचेही.