बाभळीचा काटा

माझ्या पोटात, खाली उजव्या बाजूला, आईची किडनी आहे. 2019 साली बसवली. तेव्हापासून सकाळी नऊ आणि रात्री नऊला गजर वाजला की टॅक्रोलिमस. शरीराने ही किडनी परकी समजून मारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी गोळी.

तिसऱ्या वर्षी पेरणीला गावी गेलो आणि पायात काटा मोडला. आईने सुईने काढला, हळद लावली. विसरलो. काही महिन्यांनी तिथेच सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, ताप नव्हता. म्हणून कुणाला सांगितलं नाही. इथेच चुकलो. ताप, सूज, दुखणं म्हणजे प्रतिकारशक्तीची आरडाओरड. माझ्या गोळ्यांनी तर तिचंच तोंड बांधलं होतं.

पुण्यात गाठ काढून तपासली. फिओहायफोमायकोसिस. कोविडमध्ये गाजलेला म्युकर नव्हे. ही बुरशी खरोखरच काळपट असते, कारण तिच्या पेशींच्या भिंतीत मेलॅनिन असतं, आपल्या केसांतल्या रंगद्रव्याच्याच कुळातलं. माती, काटे, कुजलेलं लाकूड, तिथे ती राहते. धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही.

उरलीसुरली बुरशी मारायला व्होरिकोनॅझोल सुरू झालं आणि खरी कसरत लागली. यकृतातलं जे एन्झाइम टॅक्रोलिमस मोडतं, त्यालाच हे औषध अडवतं. नेहमीचा डोस घेतला तर टॅक्रोलिमस रक्तात साचणार, आणि ते जास्त झालं की किडनीच बिघडवतं. डॉक्टरांनी डोस एक तृतीयांशावर आणला. मग दर काही दिवसांनी, सकाळच्या गोळीआधी, रक्त द्यायचं आणि आकड्याची वाट बघायची.

"एवढ्याशा गोळीवर माझी किडनी टिकंल का रं?" आईने विचारलं. 'माझी' असं ती पहिल्यांदाच म्हणाली.

सहा महिन्यांनी व्होरिकोनॅझोल थांबलं. आई पेढे आणायला निघाली. पण आता ते एन्झाइम पुन्हा कामाला लागणार, टॅक्रोलिमस भराभर मोडणार. डोस वेळेत वाढवला नाही तर शरीर किडनीवर उलटणार. म्हणून पेढ्यांआधी परत सुई. आकडा जागेवर यायला काही आठवडे गेले. किडनी टिकली.

आता शेतात गमबूट घालूनच जातो. घरी आलो की आई पाय धुवायला लावते, उजेडात धरून तळवे, घोटे बोटांनी चाचपते. दुखतंय का, असं मात्र विचारत नाही.